पाच नंबरचा काठ

सोमवार, १२ जानेवारी १९९८, पेण

गणपती झाल्यापासून या वहीत एक ओळ लिहिलेली नाही. वेळ नव्हता असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही. वेळ होता. जे घडत होतं ते लिहून काढलं तर वाचावं लागेल, याची धास्ती होती. रोज लिहीन असा शब्द मी माझा मलाच दिला होता आणि तो मोडला, तेव्हा क्षमाही माझीच मागते.

घडलं ते असं. रोह्याच्या शाळेतली चित्रकला शिक्षिकेची नोकरी दिवाळीपूर्वी सोडली. आता पुतण्याच्या, धनेशच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसते. तो लग्नपत्रिका आणि पत्रकं करतो, मी चित्रांची बाजू सांभाळावी असं ठरलंय. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी माउस धरायला शिकले. अजूनही सरळ रेघ काढताना श्वास रोखून धरते.

आज पहिलं मोठं काम आलं. हमरापूरचे गुणाजी आले होते. त्यांचा गणपतींचा कारखाना आहे. मूर्ती साच्यातून निघाल्यात, पण रंग लागायचाय.

"बाई, व्यापारी इचारतो, रंगवल्यावर दिसंल कशी? आता काय रंगवून डोक्यावर घेऊन फिरू? तुमी फोटूलाच रंग द्या."

म्हणजे पांढऱ्या मूर्तीचा फोटो स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर त्याला शाल, पितांबर, दागिने चढवायचे आणि प्रिंट काढून अल्बम बनवायचा. व्यापारी अल्बममधला नंबर सांगणार, कारखाना तशी मूर्ती रंगवून देणार. कल्पना धनेशची. मी मान डोलावली.

निघताना गुणाजी म्हणाले, "यंदा एक तरी मोठा व्यापारी गावला पायजे. नायतर पांढराच माल इकून मोकला होनार. रंगाची खोली बंद."

रंगाच्या खोलीत त्यांची बायको बायजाबाई आणि गावातल्या आठ-दहा बायका काम करतात. एवढं माझ्यावर अवलंबून असावं अशी मी कोण?

सोमवार, १९ जानेवारी

धनेशने मुंबईहून एक सीडी आणली आहे. तीत पाचशे तयार ब्रश आहेत. ब्रश म्हणजे केसांचा नव्हे. माउस दाबून ओढला की पडद्यावर काय उमटावं, त्याचा तो ठसा. एका ब्रशने वेलबुट्टी उमटते, एकाने चांदण्या, एकाने मोत्यांची माळ. मी शालीच्या कडेवरून एकदा हात फिरवला आणि नाजूक जाळीचा काठ तयार झाला. शाळेत मुलांना असा काठ काढायला लावला असता तर दोन तास गेले असते.

आधी हसू आलं. मग वाईट वाटलं.

धनेशला विचारलं, "हे कुणी काढलं असेल रे?"

"काकू, कुणी का काढेना. आपण पैसे दिलेत."

"सीडीचे दिलेत. काढणाऱ्याला कुठे?"

"मग लग्नपत्रिकेवरचा गणपती तरी मी काढतो का?"

त्याचं चुकत नाही. तरी आज जे काही केलं त्याला मी केलं असं म्हणताना जीभ अडखळते.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

निवडणुकीच्या पत्रकांनी सेंटर भरून गेलंय. मला कॉम्प्युटर मिळतो तो सकाळी धनेश यायच्या आधी आणि दुपारी तो जेवायला गेला की. तेवढ्यात वीज जाते. तरी अल्बमची पहिली पानं झाली. एक ते चार. सगळ्यांचे काठ सीडीवरचे.

ह्यांना दाखवली. हे धाटावच्या कंपनीतून पहिली शिफ्ट करून आले होते. चष्मा लावून पाहत म्हणाले, "छान आहे की. तुझं कोणतं आणि कॉम्प्युटरचं कोणतं?"

त्यांनी सहज विचारलं होतं. माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

हमरापूरला जाऊन आले. गुणाजी पानं घेऊन सरळ रंगाच्या खोलीत गेले. मी मागोमाग. पांढऱ्या मूर्ती भिंतीला लागून ओळीने, मधे फरशीवर बायका. बायजाबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी चित्र हातात घेतलं आणि खिडकीकडे धरलं.

"बाई, ह्यो काठ हातानं काढलाव का मशीनीनं?"

मला वाटलं, माझ्या मनातलं हिला कळलंच कसं! खोटं बोलवेना. म्हटलं, "मशीनमध्ये तयार मिळतो. मी नुसता फिरवला."

"तयार व्हय," त्या म्हणाल्या. "मग आमाला कुठं तयार हाय?"

शेजारी बसलेली सरू खो खो हसली. तिशीची असेल, जवळच्या जिते गावाहून येते, तोंडाने फटकळ. "आमचे हात जोडा गो कुनीतरी त्या कंपूटरला. नुसत्या वायरी सोडा."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कानशिलं तापली होती. या बायका वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने काम करतात. त्यांच्यासमोर दुसऱ्याने बनवलेली नक्षी मी माझी म्हणून ठेवली आणि त्यांनी ती पहिल्या नजरेत ओळखली. 'आमाला कुठं तयार हाय.' किती सरळ शब्दांत सांगितलं!

म्हटलं, "बायजाबाई, तुमचं बरोबर आहे. मी दुसरा करते. माझा स्वतःचा."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा कामाला लागल्या.

परत येताना एसटीत ठरवलं. तयार ब्रश बंद. पाच नंबरच्या मूर्तीसाठी मी माझा ब्रश बनवणार.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

ब्रश बनवणं वाटलं होतं तितकं अवघड नाही. हवा तो आकार पांढऱ्यावर काळ्याने काढायचा, त्याच्याभोवती चौकट आखायची आणि यादीतला हुकूम द्यायचा. तो आकार ब्रश होतो. अवघड आहे ते आकार ठरवणं.

मोराचं पीस घेतलंय. कुणाचं पाहून नव्हे. देवघरातलं पीस समोर ठेवून कागदावर पेनाने काढलं, मग स्कॅन केलं. पहिली सात-आठ फेकली. एकात डोळा जाड झाला, एकात तंतू विस्कटलेले दिसेनात. शेवटी जमलं. तंतू इतके बारीक की मलाच भिंग घ्यावं लागलं.

शिवाय एक अडचण. शालीची कड वळते, पण ब्रशमधलं पीस वळत नाही, सगळी पिसं कवायतीला उभी राहिल्यासारखी ताठ. म्हणून तेच पीस थोडं थोडं तिरकं करून वेगवेगळे ब्रश केले. कड जशी वळेल तसा ब्रश बदलायचा. हिरवा एक हात, त्यावर निळा, मग सोनेरी ठिपका. धनेश म्हणाला, "काकू, तेवढ्या वेळात मी तीन लग्नं लावली."

लावू दे. आज पहिल्यांदा पडद्यावर जे उमटलं ते सगळं माझं होतं.

तरी मनात येतंच. एकदा काढलेलं पीस मी शंभरदा ठशासारखं मारलं. पहिलं माझं, पुढची कुणाची?

रविवार, १ मार्च

अल्बम पुरा झाला. तो घेऊन हमरापूरला गेले. गुणाजींनी पाच नंबरचं पान पाहिलं आणि हातातली बिडी विझवली.

"हा इकनार. बाई, हा एकटा इकनार बघा."

पान बायजाबाईंकडे दिलं. त्या काठावरून बोट फिरवत होत्या, एकेका पिसावर थांबत, जपाची माळ ओढावी तसं. किती निरखून पाहतात! मग पान सरूकडे दिलं. सरूने ते उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली.

"पाठीवर पन हाय काय हो ह्यो काठ?"

"शाल पाठीवरून येते ना, मग असणारच," मी म्हटलं.

"असनारच," सरू म्हणाली.

मी विचारलं, "आवडला का?"

बायजाबाई म्हणाल्या, "झाक हाय. चित्र झाक हाय."

तयार काठावर त्या हसल्या होत्या. आज कुणी हसलं नाही. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला. हाताचं काम हातवाल्यांना कळतं.

रविवार, १५ मार्च

रोह्याच्या बाजारपेठेतले हिरामणशेठ अल्बम पाहून त्याची एक प्रत घेऊन गेले. पूजेच्या सामानाचं मोठं दुकान आहे त्यांचं. गणपतीच्या दिवसांत रोहा, माणगाव, पार महाडपर्यंत मूर्ती पाठवतात. त्यांनी पाच नंबर धरला. लहान, मोठ्या, सगळ्या मापांत. एवढी मागणी गुणाजींच्या कारखान्याला कधी आली नव्हती. रंगाची खोली बंद होत नाही.

हे पेढे घेऊन आले. मी आनंदात असायला हवं आणि आहेही. पण सकाळपासून एकच विचार. हा आनंद त्या बायकांचं काम टिकलं याचा की माझं पीस निवडलं गेलं याचा? खरं लिहायचं तर पिसाचा जास्त. याची लाज वाटते.

शनिवार, २८ मार्च. पाडवा

गुढी उभारली. धनेशने सेंटरच्या पाटीवर 'येथे गणपतीचे रंगीत अल्बम करून मिळतील' असं वाढवलं. काठाला माझं पीस. मला न विचारता. बोलायचं होतं, पण सणाच्या दिवशी नको म्हणून गप्प बसले.

गुरुवार, १६ एप्रिल

घरी आल्या आल्या उभ्यानेच लिहितेय. अक्षर वाईट येईल.

गुणाजींचे मूळ फोटो परत द्यायला हमरापूरला गेले होते. रंगाची खोली अर्धी रिकामी होती. सरू एका मूर्तीसमोर मांडी घालून, मान वाकडी करून बसलेली. मूर्तीच्या खांद्यावर पिसं. माझी पिसं. हिरवं एक, मग ते वाळेपर्यंत पुढचं, मग मागे येऊन निळं, मग पुन्हा मागे येऊन सोनेरी. तंतू ती एकेक ओढत होती. मी काढले होते तितकेच, चित्रात होते तसेच.

बायजाबाई म्हणाल्या, "आलाव? या. बघा तुमचा मोर."

"मोर कुठला गो," सरू मान न वळवता म्हणाली. "लांडोर झाल्ये माझी. सकालधरनं बसल्येय उबवत."

मी विचारलं, "एका मूर्तीला किती वेळ लागतो?"

"सकाली बसलं की जेवनाची येल होते. मग पाठ." तिने मूर्ती फिरवली. पाठ पांढरीच होती. "मखरात पाठ कोन बघतंय? पन शेठनं सांगलंय, चित्रात हाय तशी शाल सगलीकडनं पायजे."

बाकीच्या बायका कुठे आहेत म्हणून विचारलं. बायजाबाईंनी खिडकीतून पलीकडे हात केला. "शेजारच्या कारखान्यात. तिथं साधा सोनेरी पट्टा हाय. पट्टा मारला की मूर्ती झाली. इथं डोले फोडून घ्यायला कोन राहील?"

इथे मजुरी मूर्तीवर मिळते. पिसांवर नाही. हे मला माहीत असायला हवं होतं. मी कधी विचारलंच नाही.

म्हटलं, "बायजाबाई, तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. रागाने नाही. खरोखर नवल वाटल्यासारखं.

"सांगलं नाय? पयल्याच येली इचारलं ना मी, आमाला कुठं तयार हाय म्हून. तुमाला मशीनीत तयार गावतो, आमी कशानं काढनार? तुमी म्हनालाव, तुमचं बरोबर हाय, मी दुसरा करते. आमाला वाटलं, बाईला समजलं." मग हळूच, "केलाव त्यो त्याच्याहून बारीक."

सरू हसली नाही. ब्रश पाण्यात बुडवून ढवळत बसली.

मला वाटलं होतं त्यांनी माझा प्रामाणिकपणा तपासला. त्या काठाबद्दल विचारत होत्या. फक्त काठाबद्दल. आणि मी दोन महिने माझंच मन तपासत बसले.

शनिवार, १८ एप्रिल

काल दिवसभर काहीच सुचलं नाही. सुटका दिसत नाही. गुणाजींनी करून पाहिलं, जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर पीस कोरून वरून रंग मारायचा. सपाट जागी जमतं. शालीच्या घडीवर फिल्म बसत नाही आणि खालून रंग फुटतो. मागणी परत करावी तर रंगाची खोली बंद. ठेवावी तर उरलेल्या बायकाही जातील, माल वेळेवर होणार नाही आणि तरीही खोली बंदच.

धनेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सोपं आहे. साध्या काठाचा पाच नंबर करू. रोह्याला जायचं, शेठच्या अल्बममधलं पान काढायचं, हे घालायचं. मूर्ती आल्या की चित्राशी जुळतील. कुणाला आठवतंय?"

"त्यांना आठवेल."

"चित्र समोर असल्यावर माणूस चित्रावर विश्वास ठेवतो, काकू."

मी त्याला रागावले. मग घरी येऊन तासभर तोच विचार केला. तेही लिहून ठेवते.

हे म्हणाले, "चूक तुझी एकटीची नाही. गुणाजींनी 'हा विकणार' म्हटलं, शेठनी 'सगळीकडनं पाहिजे' म्हटलं."

असेल. पण पीस त्यांनी काढलं नव्हतं.

मंगळवार, २१ एप्रिल

कागद आणि रंगाच्या वाट्या घेऊन सरूसमोर बसले. म्हटलं, "तुझा हात सहज जाईल असा काठ काढ. मुद्दाम सुंदर नको. कामात घाई असताना काढशील तसा."

"फुकट?"

"फुकट."

तिने ब्रश भरला, कागदावर टेकवला, दाबला आणि उचलला. थेंब झाला, एका बाजूला टोकदार. त्याच्याशेजारी तिरका दुसरा, मग तिसरा. तीन थेंबांचं पान. वर अंगठ्याने सोनेरी टिकली. पुढचं पान. मी पाहत होते तोवर कागदाची कड संपली.

"मोर हवाच असंल तर ह्योच मोर," ती म्हणाली. "लांबनं पीसच दिसतं."

खरंच दिसत होतं.

"सरू, हा मी कॉम्प्युटरमध्ये घेऊ का? तुझी हरकत नसेल तर."

"घ्या की! मी काय तो संपवून टाकते काय?"

दुपारी स्कॅन करून तिच्या थेंबाचा ब्रश केला. त्याने पाच नंबर नव्याने रंगवला. ठरवलं की हाताने एका दाबात होणार नाही ते चित्रात येऊ द्यायचं नाही. कडेला मोह झाला, एक बारीक रेघ घालावी. काढली आणि पुसली.

हा ब्रश माझा की सरूचा, हा प्रश्न आला. त्याला म्हटलं, थांब, तुझी पाळी नंतर.

शुक्रवार, २४ एप्रिल, रोहा-पेण गाडीत

लिहिताना गाडी हलते. उतरेपर्यंत धीर राहणार नाही म्हणून आत्ताच लिहिते.

हिरामणशेठचं दुकान उघडलं तेव्हाच पोचले. अल्बम कुठे ठेवलाय हे शोधावं लागलं नाही. पाच नंबरचं पान अल्बममधून काढून त्यांनी गल्ल्याशेजारच्या काचेवर आतून चिकटवलं होतं, रस्त्यावरून दिसेल असं. मी थांबले तेवढ्यात एक बाई मुलाला सांगत होती, "आपला हा आहे बरं का."

शेठनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि कुणा गिऱ्हाइकाला समया दाखवायला आत गेले. मी, काच आणि पिशवीतलं नवं पान. चिकटपट्टीचा एक कोपरा सुटला होता. धनेशचं बोलणं कानात होतं. माझा हात पिशवीत गेला होता, हे नाकारत नाही. पान बाहेर काढलं. मग तसंच मांडीवर धरून बसले. ते बाहेर आले तेव्हा त्यांना ते दिसलं.

"हे काय नवीन, बाई?"

मी सगळं सांगितलं. तयार ब्रश, माझा ब्रश, एका मूर्तीपायी जाणारी सरूची सकाळ. माझी सवय, जरा जास्तच सांगितलं. शेवटी म्हटलं, "चित्र काढताना ते हाताने कुणाला काढावं लागेल, हा विचार मी केला नाही. चूक माझी आहे. गुणाजींची नाही, तुमची नाही. हा काठ घ्या अशी विनंती करायला आले."

त्यांनी दोन्ही पानं शेजारी धरली.

"बाई, मी दुकानदार माणूस. दोन चित्रं समोर ठेवलीत तर मी कुठलं घेणार?"

"पहिलं."

"मग?"

"पहिलं होणार नाही, शेठ. गौरी-गणपतीच्या आत होणार नाही. आणि तेव्हा तुमच्या गिऱ्हाइकाला सांगायला तुम्हाला एकट्याला उभं राहावं लागेल."

ते नव्या पानाला बोट लावून म्हणाले, "लहान मूर्तीला हे चालेल. लहान मूर्ती लोक लांबून बघतात, भाव विचारतात. पण मोठ्या ज्यांनी सांगितल्यात त्यांना मी काचेवर बोट ठेवून दाखवलंय. हे पीस, असंच. तिथं मी शब्द फिरवणार नाही. पाठ सोडा, पाठीला साधा पट्टा मारा. समोरून मात्र असंच हवं. जमत असेल तर सांगा, नाहीतर मी सगळंच दुसरीकडे देतो. मनात राग नाही."

जमेल, असं म्हणायचा अधिकार मला नव्हता. रविवारी कळवते, असं म्हटलं. कासू स्टेशन गेलं. आता पेण येईल.

रविवार, २६ एप्रिल

हमरापूर. गुणाजी दारातच बसले होते. मी सांगितलं तसं त्यांनी ऐकलं, मग आत हाक मारली, "बायजा, आयक काय म्हनतान ते."

मी पुन्हा सगळं सांगितलं. लहान मूर्ती सरूच्या काठाच्या. मोठ्यांच्या पाठी सुटल्या. मोठ्यांची समोरची बाजू राहिली, माझ्या पिसांची.

"माझा काठ?" सरू म्हणाली. "रोह्याच्या शेठनं माझा काठ घेतला?"

"घेतला."

"आता भाव वाढला गो माझा," ती शेजारणीला कोपर मारत म्हणाली.

बायजाबाई मोठ्या मूर्तींच्या ओळीकडे पाहत होत्या. "लान्यांचं झालं. गेलेल्या बाया पन येतील त्याच्यावर. पन ह्या मोठ्या... सरू एकटी नाय करनार. तिचे डोले काय दगडाचे हाईत? आनखी एक बारीक हात पायजे. तो आनू कुठनं?"

गुणाजी बाहेर पाहू लागले.

मी म्हटलं, "मी बसेन."

सरूने तोंडाला पदर लावला. "बाई, हितं माऊस नाय हां. चुकलं की मागं जायाची सोय नाय."

"माहीत आहे."

"कंबर धरंल."

"धरू दे."

मला खरोखर येईल का, याची खात्री नाही. कागदावर पेनाने, भिंग लावून काढलेलं पीस आहे ते. वाळत्या रंगाने, मूर्तीच्या फुगीर खांद्यावर मी ते कधी काढलेलं नाही. माझ्याकडून मूर्ती बिघडली तर? हे सगळं मी बायजाबाईंना बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "बिघडली तर पुसू. पुसायचं कापड हाय. तुमी काढलाव, तुमाला त्याचे तंतू ठावं हाईत. दोन दिवस हात वळनार नाय, मग वळंल."

सरूच्या वाटीजवळ तिचे ब्रश पडले होते. त्यातला बारीक उचलून मी टोक पाहू लागले, तर तिने तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्यो नाय, बाई. हितं कोन कोनाला ब्रश देत नाय. माझ्या हाताला झिजलाय त्यो, तुमच्या हातात वाकडा चालंल. आपला आपला आनायचा."

घरी येऊन कपाट पाहिलं. शाळा सोडताना माझे सगळे ब्रश मुलांना वाटून टाकले होते. तेव्हा वाटलं होतं, आता कशाला लागतील. घरात एकही नाही. गुणाजींनी शेठना फोन करून होकार कळवला आहे आणि मंगळवारी सकाळी मी बसणार असंही सांगून टाकलं आहे. भीती वाटते. पण या भीतीत विचारायला प्रश्न कमी आहेत.

उद्या: पेण बाजारातून शून्य नंबरचा एक बारीक ब्रश विकत आणणे.